‘गेट’च्या पुढचं ऐक

बाळ, तुझी परीक्षा झाली, कागदपत्रं झाली, आता लीड्सला निघायची तयारी चाललीय. स्वेटर किती घ्यायचे, कुकर न्यायचा की तिथेच घ्यायचा, हे तुला दहा जण सांगतील. मला सांगायचंय ते एका शब्दाबद्दल. ‘गेट’. फाटकाचं गेट नव्हे. जी, ई, टी. परीक्षेसाठी तू ‘ॲडमिनिस्टर’, ‘डिटिरिओरेट’ असले शब्द घोकलेस. ते लागतीलच, पण कागदावर. रात्रीच्या ड्युटीला एखादी ऐंशीची बाई तुझ्याशी बोलायला लागेल तेव्हा तिच्या तोंडी हे शब्द नसतील. तिच्या तोंडी सारखा ‘गेट’ असेल आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असेल. मी तिकडच्या वॉर्डात नोकरी केली, आपल्याकडून नव्याने आलेल्या कितीतरी मुलींना कामाला लावलं. हुशार मुली होत्या. त्या मोठ्या शब्दांवर अडल्या नाहीत, ह्या तीन अक्षरांवर अडल्या.

ह्याचं कारण आपल्या शिकण्यात आहे. ‘गेट म्हणजे मिळणे’ असं आपण पाचवीत वहीच्या समासात लिहितो आणि तेच आयुष्यभर धरून बसतो. आमच्या पिढीने तर्खडकरांच्या पाठमाला पालथ्या घातल्या, तुमच्या पिढीला मोबाइलवर शब्दकोश आहे. पण ‘एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द’ ही सवय काही सुटलेली नाही. मग ‘इट्स गेटिंग लेट’ ऐकलं की काय करायचं? उशीर मिळतोय? ‘आय गॉट होम’ म्हणजे घर मिळालं? तो पोचला गं घरी!

माझा कानमंत्र एवढाच आहे: ‘गेट’चा अर्थ ‘गेट’मध्ये शोधू नकोस, त्याच्या पुढे काय आलंय ते ऐक. अर्थ तिथे असतो.

हे तुला परकं नाही. आपल्या ‘लागणे’कडे बघ. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, फोन लागतो, दिवा लागतो, गाडीत बसलं की काहींना गाडी लागते. रस्त्यात एखादं गाव लागतं. दोन तास लागतात. बोललेलं मनाला लागतं. पोर रडायला लागतं. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात ‘लागणें’ची नोंद उघडून बघ, बिचाऱ्याला किती अर्थ लिहावे लागलेत. तुला ह्यातला एकही अर्थ कुणी शिकवला नाही. ‘लागणे म्हणजे काय’ असं विचारलं तर तुला सांगताही येणार नाही. पण ‘भूक’ ऐकली, ‘ठेच’ ऐकली, ‘फोन’ ऐकला, की अर्थ आपोआप कळतो. इंग्रजांचं ‘गेट’बद्दल तसंच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे सोबतीचा शब्द आधी येतो, ‘गेट’चा सोबती मागून येतो. म्हणून वाक्य संपेपर्यंत कान उघडे ठेवायचे.

आता पुढे काय काय येतं ते बघ.

पुढे वस्तू आली तर मिळणे, आणणे, घेणे. ‘कॅन यू गेट मी सम वॉटर?’ म्हणजे पाणी आणून देतेस का. माणूस आला तर बोलावणे: ‘गेट द डॉक्टर.’ जागा आली तर पोचणे: ‘हाउ डू आय गेट टु द एक्स-रे?’ इथे एक लक्षात ठेव, ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी ‘टु’ लागत नाही. विशेषण आलं तर होणे: ‘गेट वर्स’, ‘गेट टायर्ड’, ‘गेट वेल’. ‘गेट वेल सून’ तर आपल्याकडे 2006 सालच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’पासून पोराटोरांच्या तोंडी बसलंय. ह्या चार प्रकारांवर फार वेळ घालवू नकोस, ते दोन दिवसांत अंगवळणी पडतात.

‘गेट टु’च्या पुढे क्रियापद आलं की आपलं ‘-ायला मिळणे’ चपखल बसतं. म्हाताऱ्या बायका नवऱ्याच्या आठवणीत सांगतात, ‘आय नेव्हर गॉट टु से गुडबाय.’ मला त्यांचा निरोप घ्यायलाही मिळालं नाही. हे वाक्य तू ऐकशीलच. ते ऐकलंस की हातातलं काम क्षणभर बाजूला ठेव.

खरं काम कुठे आहे ते सांगते. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ह्यात रोग्याची तब्येत आहे.

‘आय गेट अ पेन हिअर.’
‘आय हॅव गॉट अ पेन हिअर.’
‘आय ॲम गेटिंग पेन्स हिअर.’
‘आय गॉट अ पेन हिअर.’

तुला चारही सारखीच वाटतील: इथे दुखतंय. पण पहिलं म्हणजे मला इथे वरचेवर दुखतं. आत्ता दुखत असेलच असं नाही. दुसरं म्हणजे आत्ता, ह्या घडीला दुखतंय. तिसरं म्हणजे अलीकडे दुखायला लागलंय, अधूनमधून येतं-जातं. चौथं म्हणजे मागे दुखलं होतं, काल किंवा सकाळी. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत ह्या चारांत किती अंतर आहे ते तुला सांगायला नको. ‘आय गेट इट व्हेन आय गो अप द स्टेअर्स’ असं कुणी म्हणालं तर तो तुला एका दिवसाची गोष्ट सांगत नाहीये, दर वेळी जिना चढला की दुखतं हे सांगतोय. तू लिहून घेताना ‘जिना चढताना दुखलं’ एवढंच लिहिलंस तर निम्मी हकीकत गेली.

आणि बोलण्यात त्या ‘हॅव’चा नुसता ‘व्ह’ होतो, तोही ओठांतच विरतो. ‘आयव्ह गॉट’ आणि ‘आय गॉट’ ह्यांतला फरक तिथे जन्मलेल्या माणसाच्या कानाला कळतो, आपल्या कानाला सुरुवातीला नाही कळत. मी नव्या मुलींना ह्यासाठी तीन प्रश्न पाठ करायला लावायची. ‘हॅव यू गॉट इट नाऊ?’ आत्ता दुखतंय का? ‘हाउ ऑफन डू यू गेट इट?’ किती वेळा दुखतं? ‘व्हेन डिड यू फर्स्ट गेट इट?’ पहिल्यांदा कधी दुखलं? हे तीन प्रश्न विचारलेस की त्या माणसाने कुठल्याही शब्दांत सांगितलेलं असो, तुझ्याकडे पक्की माहिती येते. बघ, तिन्ही प्रश्नांत ‘गेट’च आहे. त्याच्याच शब्दाने त्याला विचारायचं.

एक वाक्य आणखी. ‘आय कान्ट गेट मी ब्रेथ.’ तू चाललीयस त्या यॉर्कशरकडची जुनी माणसं ‘माय’ला ‘मी’ म्हणतात. मला धाप लागलीय, श्वास घेता येत नाहीये. हे ऐकलंस की व्याकरण सोड आणि पळ. आणि ‘आय गेट डिझी व्हेन आय गेट अप’ ह्यात एकाच वाक्यात दोन ‘गेट’ आहेत: पहिल्याच्या पुढे विशेषण, म्हणून येणे-होणे, दुसऱ्याच्या पुढे ‘अप’, म्हणून उठणे. उठलं की चक्कर येते. पडून असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोनदा बीपी बघायचं हे तुला माहीतच आहे.

ड्युटी बदलताना जे सांगतात ते तर बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. पहिल्या रात्री तुझ्या कानावर असं काहीतरी पडेल: ‘शीज गेटिंग ऑन फॉर नाइन्टी. गेट्स कन्फ्यूज्ड ॲट नाइट. कीप्स ट्राइंग टु गेट आउट ऑफ बेड. शीज गॉट अ ड्रिप अप. ट्राय अँड गेट हर टु ड्रिंक. इफ शी गेट्स एनी वर्स, गेट द डॉक्टर.’

हेच आपल्या वॉर्डात आपण कसं सांगू? ‘आजी नव्वदीला टेकल्यात. रात्री गोंधळतात. सारख्या पलंगावरून उतरायला बघतात. सलाईन चालू आहे. गोडीगुलाबीने पाणी प्यायला लाव. जास्त झालं तर डॉक्टरांना बोलाव.’ टेकणे, गोंधळणे, उतरणे, चालू असणे, प्यायला लावणे, जास्त होणे, बोलावणे. सात ‘गेट’, सात वेगळी क्रियापदं. समासात लिहिलेलं ‘मिळणे’ एकाही ठिकाणी बसलं नाही.

ह्यातल्या ‘गेट हर टु ड्रिंक’कडे नीट बघ. एखाद्याकडून काही करवून घ्यायचं असेल तर ‘गेट’, मग माणूस, मग ‘टु’. ह्यात समजूत घालणं आहे, लाडीगोडी आहे, थोडं मागे लागणं आहे. ‘मेक हर ड्रिंक’ म्हणालीस तर जबरदस्ती झाली. मराठीत दोन्हीला आपण ‘प्यायला लावलं’ म्हणतो, म्हणून आपल्या मुली सहज बोलून जातात, ‘आय मेड हिम टेक द टॅब्लेट्स.’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तोंड दाबून गोळ्या कोंबणारी नर्स उभी राहते. रोग्याची संमती ही तिकडे फार गंभीर गोष्ट आहे. ‘आय गॉट हिम टु टेक देम’ म्हण.

तसंच आपलं ‘करून घेणे’. आपण केस कापून घेतो, ब्लाउज शिवून घेतो. मराठी ह्या बाबतीत अगदी काटेकोर आहे. इंग्रजी बोलताना मात्र आपली माणसं ‘आय कट माय हेअर’ म्हणतात, म्हणजे स्वतःच कात्री चालवली. ‘आय गॉट माय हेअर कट’ हवं. गंमत बघ, मराठीत जे आपण बरोबर बोलतो तेच तसंच्या तसं ‘गेट’मध्ये ओतायचं असतं, आणि आपण नेमकं तिथेच मराठी विसरतो. वॉर्डात ‘गेट हिज ऑब्झ डन’ हे रोजचं आहे. ‘ऑब्झ’ म्हणजे टेम्परेचर, पल्स, बीपी वगैरे सगळं मिळून.

आणि कुणी लग्नाचं विचारलं तर ‘गॉट मॅरिड टु’, ‘विथ’ नाही.

आता शेपटीच्या शब्दांकडे ये. ‘अप’, ‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘बाय’, ‘थ्रू’. हे ‘गेट’ला लागले की नवाच शब्द होतो. सगळ्यांची यादी मी देत नाही, पाठ करून ते येतही नाहीत. दोघांबद्दल सांगते.

‘गेट ऑन’. ‘हाउ आर यू गेटिंग ऑन?’ म्हणजे कसं चाललंय, जमतंय ना. ‘वी गेट ऑन’ म्हणजे आमचं पटतं. ‘ही इज गेटिंग ऑन अ बिट’ म्हणजे त्याचं वय झालं. ‘इट्स गेटिंग ऑन फॉर टेन’ म्हणजे दहा वाजत आले. ‘गेट ऑन विथ इट’ म्हणजे बोलत काय बसलीस, हात चालव. आणि बसमध्ये चढणे हे तर आहेच. हे सगळे अर्थ एका दिवसात ऐकायला येतील, आणि तू पुढचा शब्द ऐकलास तर एकदाही गोंधळणार नाहीस.

‘गेट ओव्हर’. आजारातून उठणे, दुःखातून सावरणे. ‘शी नेव्हर गॉट ओव्हर हिम’ म्हणजे तो गेल्यावर ती सावरलीच नाही. पण हेच आज्ञेत म्हटलं, ‘गेट ओव्हर इट’, तर अर्थ होतो पुरे झालं आता रडगाणं. दुःखात असलेल्या माणसाला धीर द्यायला म्हणून हे वाक्य चुकूनही वापरू नकोस. तुझ्या मनात ‘सावरा स्वतःला’ असेल, त्याच्या कानात टोचणी जाईल. आणि मागे ‘विथ’ लागला की अर्थ पुन्हा बदलतो: ‘लेट्स गेट इट ओव्हर विथ’, एकदाचं उरकून टाकू. इंजेक्शनच्या आधी लोक हेच म्हणतात. ‘गेट इट ऑफ युअर चेस्ट’मध्ये छातीचा काही संबंध नाही, मनातलं बोलून मोकळं होणं आहे, रोगी तसं म्हणाला तर स्टेथोस्कोप शोधू नकोस, खुर्ची ओढून बस. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे फोन लागला नाही. आलं ना ‘लागणे’ परत?

राजकारणी लोकांनाही ह्या शब्दाची ताकद कळलेली आहे. 2019 च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये निवडणूक झाली, तेव्हा बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाची घोषणा होती ‘गेट ब्रेक्झिट डन’. तीन शब्द. ब्रेक्झिट एकदाचं उरकून टाका. कंटाळलेल्या लोकांच्या तोंडचंच वाक्य उचललं होतं, आणि पक्षाला मोठं बहुमत मिळालं.

मघाशी बसमध्ये चढण्याचं सांगितलं म्हणून आठवलं. आपण सगळीकडे ‘गेट डाउन’ म्हणतो: बसमधून, रिक्षातून, ट्रेनमधून. तिकडे ‘गेट डाउन’ म्हणजे शिडीवरून, झाडावरून खाली ये, नाहीतर खाली वाक. बस आणि ट्रेनमधून ‘गेट ऑफ’, मोटारीतून ‘गेट आउट’. ज्या वाहनात पायांवर चालता येतं त्याला ‘ऑन-ऑफ’, जिथे वाकून शिरावं लागतं त्याला ‘इन-आउट’, एवढं धरून ठेव. गाडीत जी सूचना होते तिच्यात ‘अलाइट’ म्हणतात, पण माणसं तसं बोलत नाहीत. आणखी एक आपल्याकडचा प्रयोग, ‘आय डिडन्ट गेट यू’. तिकडे ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणतात. माणूस नाही कळला असं नसतं, बोलणं कळलं नाही असं असतं.

उच्चाराचंही सांगते, कारण देवनागरीत ‘गेट’ आणि ‘गेट’ सारखेच दिसतात. फाटकाचा ए लांबवायचा, ‘गेइट’सारखा, ह्या क्रियापदाचा आखूड, झटक्यात. यॉर्कशरमध्ये तर शेवटचा ‘ट’ पुढच्या स्वराला चिकटून ‘र’ होतो: ‘गेट अप’चं ‘गेरप’, ‘गेट ऑफ’चं ‘गेरॉफ’. पहिले काही दिवस तुला वाटेल ही इंग्रजी भाषाच नाही. ‘र’च्या जागी ‘ट’ घालून मनात म्हणून बघ, वाक्य उलगडतं. आश्चर्य वाटलं की ही माणसं ‘गेरावे!’ म्हणतात. ‘गेट अवे’. तुला हाकलत नाहीयेत, ‘काहीतरीच काय!’ असं म्हणतायत. ‘गिट’ मात्र शिवी आहे, ह्याच शब्दातून निघालेली. ऐकून सोडून दे.

तू नेमकी ह्या शब्दाच्या गावाला चाललीयस, म्हणून थोडी जुनी हकीकत सांगते. ‘गेट’ हा मुळात डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांचा शब्द. त्यांनी 866 साली यॉर्क घेतलं, त्याला ते योर्विक म्हणत. त्यांचा शेवटचा राजा 954 साली गेला, पण माणसं राहिली, शेती केली, सोयरिकी केल्या. त्यांच्या ‘गेता’चं झालं ‘गेट’. मूळ अर्थ मिळवणे, गाठणे. आपण ‘हाती लागणे’ म्हणू. जुन्या इंग्रजीत ह्याच कुळातला शब्द होता, पण तो एकटा वापरात नव्हता, दुसऱ्याला जोडून यायचा; ‘फरगेट’मध्ये तो अजून आहे. ‘दे’, ‘देम’, ‘टेक’, ‘स्काय’, ‘एग’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘लॉ’ हेही त्याच लोकांचे. चैनीचे शब्द नाहीत गं हे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत रोज लागणारे आहेत. म्हणूनच टिकले.

लीड्सला मुख्य बाजाराच्या रस्त्याचं नाव ब्रिगेट, भाजीपाला घ्यायला जाशील तो किर्कगेट मार्केट. तिथेच 1884 साली मायकेल मार्क्सने एका पेनीला वस्तू विकायचा ठेला टाकला, त्याचं पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं. ब्रिगेट, किर्कगेट ह्या नावांतलं ‘गेट’ म्हणजे फाटकही नाही आणि आपलं क्रियापदही नाही. व्हायकिंगांच्या भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता. ब्रिगेट म्हणजे पुलाचा रस्ता, किर्कगेट म्हणजे चर्चचा. यॉर्कला सुट्टीच्या दिवशी जा. तिथे रस्ते सगळे ‘गेट’ आणि तटाचे दरवाजे ‘बार’. मिकलगेट बार म्हणजे मोठ्या रस्त्यावरचा दरवाजा. कॉपरगेटला 1976 ते 1981 खोदकाम होऊन व्हायकिंगांची घरं, भांडी, जोडे निघाले. 1984 पासून तिथे ते बघायला मिळतं. बघून ये.

आता लिहिण्याबद्दल, कारण इथे सगळं उलटं आहे. बोलताना जितकं ‘गेट’ वापरशील तितकी तू त्यांच्यातली होशील. पण रोग्याच्या नोंदीत ‘गेट’ लिहू नकोस. ‘पेशंट गॉट पॅरासिटामॉल’ ह्याचा अर्थ काय? त्याला दिलं गेलं, का त्याने स्वतःच कुठून मिळवलं, का त्याच्याजवळ आहे? ‘रिसिव्ह्ड’ लिही, किती आणि किती वाजता ते लिही. ‘गॉट वर्स’ऐवजी काय वाढलं ते लिही: ताप किती, श्वास मिनिटाला किती. नोंद वाचणारा तुझ्यासमोर उभा नसतो, त्याला पुढचं-मागचं ऐकायला येत नाही. घरमालकाला, बँकेला पत्र लिहितानाही ‘रिसिव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’. हे शब्द 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचांकडून आले, दरबाराचे आणि कचेरीचे म्हणून. अजूनही कागदावर त्यांचाच मान आहे. त्यातल्या ‘अराइव्ह’चा मूळ अर्थ मला फार आवडतो: नाव काठाला लागणे. ‘रिपा’ म्हणजे लॅटिनमध्ये काठ.

वॉर्डात एखादा अमेरिकेत शिकलेला डॉक्टर भेटला तर तो ‘हॅज गॉटन’ म्हणेल. ते चूक नाही, तिकडचं आहे. तू ब्रिटनमध्ये ‘गॉट’ म्हण.

हे सगळं अंगात कसं मुरवायचं? एक छोटी वही ॲप्रनच्या खिशात ठेव. डाव्या पानावर ऐकलेलं अख्खं वाक्य लिही, सुटा शब्द लिहायचा नाही. उजव्या पानावर अर्थ लिहू नकोस. त्याच प्रसंगात आपल्या मिरजेच्या वॉर्डातली एखादी आजी काय म्हणाली असती ते लिही. ‘आय कान्ट गेट कम्फर्टेबल’समोर ‘कुठल्याच कुशीवर बरं वाटेना’. ‘लेट्स गेट यू सॅट अप’समोर ‘चला, बसतं करू तुम्हाला’. वहीत रोग्याचं नाव किंवा खाट नंबर कधीही घालायचा नाही, हा नियम कडक पाळ. संध्याकाळी खोलीवर आल्यावर ती वाक्यं मोठ्याने म्हण, त्यांच्याच चालीत. ‘गेट’चे अर्थ पाठ केलेल्या मुली मी पाहिल्या आणि वाक्यं साठवलेल्याही पाहिल्या, दुसऱ्या लवकर बोलायला लागल्या, आणि त्यांना रोगी आपणहून हाका मारायचे.

एवढं करूनही कधी कळणार नाही. तेव्हा हसून मान डोलवू नकोस. आपल्याकडच्या मुलींना ती सवय असते. मोठ्या माणसाला परत विचारणं उद्धटपणाचं वाटतं म्हणून. तिकडे विचारण्यात काही वावगं नाही. ‘सॉरी लव्ह, व्हॉट डू यू मीन?’ असं म्हण. त्या भागात अनोळखी माणसालाही ‘लव्ह’ म्हणतात, त्याने कुणी दुखावत नाही. औषध, दुखणं आणि श्वास ह्या तीन गोष्टींत अंदाजाने पुढे जायचं नाही, दोनदा विचार, तीनदा विचार. पोचलीस की फोन कर, आणि पहिल्या रात्रीत कोणतं ‘गेट’ अडलं ते मला सांग.